गुंज, ग्रेन आणि मिलिग्रॅम : वऱ्हाडातील वेदनाशमनाच्या मोजमापाचा इतिहास

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील गाव आहे. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या कापूस, ज्वारी आणि तूर पिकत आली, अलीकडच्या काळात त्यांत सोयाबीनची भर पडली. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेलेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेला हा प्रदेश शतकभरात अनेक राजवटींखालून गेला. कामरगाव ज्या जिल्ह्यात आज मोडते तो वाशीम जिल्हा तर अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. राजवट बदलली की वजने, मापे, कर आणि परवाने बदलतात, आणि त्यांच्याबरोबर माणसाच्या अंगातील कळ कोणी, कशाने आणि किती शमवायची याचे नियमही बदलतात. वऱ्हाडातील वेदनाशमनाचा इतिहास म्हणूनच औषधांबरोबर मोजमापांचाही इतिहास ठरतो.

मराठी भाषेने या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात साठवून ठेवल्या आहेत. अरबीतून आलेल्या ‘अंमल’ या शब्दाचा एक अर्थ सत्ता किंवा राज्यकारभार असा आहे, ज्यावरून अंमलदार आणि अंमलबजावणी हे शब्द आले, तर दुसरा अर्थ नशा असा आहे, ज्यावरून अंमली पदार्थ ही आजच्या कायद्यातील संज्ञा तयार झाली. अफूच्या बाबतीत हे दोन अंमल कधीच वेगळे राहिले नाहीत. सरकारचा अंमल अफूवर चालला आणि अफूचा अंमल माणसांवर. आजच्या वैद्यकात कमी मात्रेतील नाल्ट्रेक्झोन या औषधाने जो पेच उभा केला आहे, म्हणजे हे औषध घेणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी काही दिवस अफूवर्गीय वेदनाशामक द्यावे लागले तर काय करायचे, तो पेच समजून घेण्यासाठीही या जुन्या इतिहासापासून सुरुवात करणे उपयोगाचे आहे.

खसखशीच्या झाडाचे बोंड हिरवे असताना त्याला संध्याकाळी उभ्या चिरा देतात, रात्रीतून त्यांतून पाझरलेला दुधाळ चीक सकाळपर्यंत तपकिरी होऊन घट्ट होतो, आणि तो खरवडून गोळा केला की कच्ची अफू तयार होते. ग्रीक भाषेतील ‘ओपिऑन’ या शब्दापासून अरबीत ‘अफ्यून’ झाले, आणि भारतात वैद्यांनी त्याला ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असे संस्कृत रूप दिले. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये या द्रव्याला स्थान नाही. अरब व्यापाराबरोबर ते भारतात रुजल्यानंतर शार्ङ्गधरसंहितेसारख्या मध्ययुगीन ग्रंथांत आणि पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्याचा उल्लेख येतो. वैद्यपरंपरेने या परक्या द्रव्याला लगेच घरात घेतले नाही. विषवर्गात त्याची गणना केली, आल्याच्या रसाच्या भावना देऊन म्हणजे रसात पुन्हा पुन्हा खलून ते शुद्ध करण्याचा विधी सांगितला, आणि नंतरच कर्पूररसासारख्या अतिसारावरील कल्पांत त्याचा समावेश केला. शोधनाचा हा विधी अफूचे सामर्थ्य नेमके किती कमी करीत असे हा वेगळा प्रश्न आहे, पण हे द्रव्य जाणत्या हातातूनच रुग्णाच्या मुखी जावे हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो.

या जाणत्या हातातील माप होते गुंज. लाल रंगाच्या, टोकाला काळा ठिपका असलेल्या या बीने सोनार सोने तोलत आणि वैद्य रसौषधी तोलत. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा हे कोष्टक एकेकाळी शाळेतील मुलांना पाठ असे. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा धरला, तर त्या हिशेबाने एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. अफूत वेदनाशमन करणारे मॉर्फिन साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून गुंजभर अफूत सुमारे १२ मिलिग्रॅम मॉर्फिन जाते, आणि आज रुग्णालयात प्रौढ माणसाला तोंडाने मॉर्फिन सुरू करताना पहिली मात्रा बहुधा ५ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. सोनाराच्या तराजूतील एका बीने आधुनिक मात्रेच्या इतके जवळ जावे ही थक्क करणारी गोष्ट आहे. तरीही त्या मापात एक मोठी उणीव होती. गुंज वजन सांगत असे, सामर्थ्य सांगत नसे. अफू ओली की सुकी, कोणत्या शेतातली, तिच्यात गूळ किंवा काताची भेसळ किती, यावर त्याच गुंजेतील मॉर्फिन कमीजास्त होत असे, आणि काल सोसलेली गोळी आज जड जात असे.

गावगाड्यात अफूचे उपयोग अनेक होते आणि त्या सर्वांमागे शरीरातील एकच क्रिया होती. अफू वेदनेची जाणीव मंद करते, आतड्यांची हालचाल थंडावते, खोकल्याची उबळ दाबते आणि झोप आणते. त्यामुळे पटकी आणि अतिसारात, जुनाट खोकल्यात, दातदुखीत, सांधेदुखीत आणि दिवसभराच्या कष्टानंतर ठणकणाऱ्या अंगाला तीच एक गोळी दिली जाई. ती श्वासोच्छ्वासही मंदावते हे मात्र घेणाऱ्याला बहुधा तेव्हाच कळे जेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असे.

या धोक्याचा सर्वांत नाजूक बळी होते तान्हे मूल. महाराष्ट्रातील घराघरांत बाळगुटीची रीत आहे : सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, सुंठ यांचे मोजून वेढे उगाळायचे आणि ते चाटण बोटाने बाळाच्या जिभेला लावायचे. या गुटीत अफूचा समावेश नाही, आणि ज्या आजीने वेढे मोजले तिच्या हातात मात्रेचे भान असे. पण कापूस वेचायला, निंदायला किंवा गिरणीत पाळी भरायला गेलेल्या मजूर आईला मूल तासन्‌तास शांत झोपलेले हवे असे, कारण तिच्या रोजावर घर चाले, आणि अशा घरांत अफूची मोहरीएवढी गोळी मुलाच्या तोंडात जाई. मुंबईच्या बाजारात ही गोळी ‘बाळागोळी’ या नावाने विकली जात असे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी १९२२ मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा अशा स्त्रियांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. हा आकडा आयांच्या निष्काळजीपणाचा नाही. ज्या व्यवस्थेने स्त्रीला तान्हे मूल घरी टाकून दहा-दहा तास राबायला लावले, तिच्यावरचा तो आरोप आहे, आणि कापसाच्या शेतात कमरेला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या स्त्रियांच्या प्रदेशाने तो आपल्याशी संबंध नसलेला म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही.

इंग्रजी अंमलाने अफूकडे पाहिले ते मुख्यतः महसुलाच्या नजरेने. कंपनी सरकारने बंगाल-बिहारकडील अफूची मक्तेदारी स्वतःकडे घेतली आणि माळव्यातील संस्थानी अफू मुंबई बंदरातून चीनला जाऊ देऊन तिच्यावर जकात बसवली. या व्यापारातून मुंबईच्या अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. देशांतर्गत खपासाठी १८५७ च्या कायद्याने खसखशीच्या लागवडीवर आणि १८७८ च्या अफू कायद्याने अफू बाळगणे, नेणे व विकणे यांवर सरकारी नियंत्रण आले, आणि गावोगावच्या बाजारपेठांत मक्ता घेऊन चालवलेली परवानाधारक अफूची दुकाने सरकारी तिजोरीचा भाग झाली. अफू आता वैद्याच्या पडशीतून सुटून मक्तेदाराच्या गल्ल्याजवळ आली. विकणाऱ्याला वजन माहीत होते, रुग्ण माहीत नव्हता. जाणता हात आणि औषध यांची फारकत झाली ती येथे, आणि पुढील शतकाने जे भोगले त्यातील बरेचसे या फारकतीतून उपजले.

इंग्लंडमधील विरोधामुळे १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. त्यात दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन भारतीय सदस्य होते. आयोगाने देशभर फिरून, मुंबईतही बैठका घेऊन, शेकडो साक्षी नोंदवल्या आणि १८९५ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की भारतातील अफूसेवन बहुतांशी माफक असून सरसकट बंदीची मागणी लोकांमधून होत नाही. हेन्री विल्सन या सदस्याने मात्र आपली भिन्न मतपत्रिका जोडली. हिवतापापासून अफू बचाव करते ही त्या काळची लोकसमजूत आयोगापुढे वारंवार मांडली गेली. मलेरियाच्या जंतूवर अफूचा काही इलाज चालत नाही, पण तापाने मोडून आलेले अंग ती हलके करते, आणि दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या माणसाला आराम पडणे आणि रोग बरा होणे यांतील अंतर ओळखण्याची सोय नव्हती. ज्याला डॉक्टर मिळत नाही त्याच्यासाठी अफू हाच डॉक्टर आहे, असा त्या साक्षींचा एकंदर सूर होता. महसूल चालू ठेवण्यासाठी त्याचा उपयोग झाला, दवाखाने वाढवण्याची निकड त्यातून निघाली नाही.

दरम्यान युरोपात अफूचे मोजमापच बदलले होते. जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश सेर्ट्युर्नर याने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचे सार वेगळे काढले आणि ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फियम हे नाव दिले. १८५० च्या दशकात पोकळ सुईची पिचकारी वापरात आली आणि मॉर्फिन कातडीखाली टोचता येऊ लागले. गुंजेच्या जागी आता ग्रेन आला, जो सुमारे ६५ मिलिग्रॅमचा असून त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे १६ मिलिग्रॅम, ही मॉर्फिनची प्रचलित मात्रा ठरली. येथे प्रथमच वजन आणि सामर्थ्य एक झाले. चौथा ग्रेन मॉर्फिन मुंबईत, नागपुरात वा अकोल्यात तेवढेच काम करणार होते. पण हा नेमकेपणा जिल्ह्याच्या इस्पितळापुरता राहिला. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रेल्वे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झाली आणि या मुलखातला कापूस जगाच्या बाजाराला जोडला गेला, तरी सरकीकाढ कारखान्यात बोटे गमावलेल्या मजुराला चौथा ग्रेन मिळणे दुरापास्त आणि दुकानातली अफूची गोळी मिळणे सोपे, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

विसाव्या शतकात लोकमत आणि कायदा दोन्ही अफूच्या विरोधात गेले. वऱ्हाडात गाडगेबाबांनी कीर्तनांतून आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी भजनांतून व्यसनमुक्तीचा आग्रह खेड्यापाड्यांत पोचवला. १९३० च्या धोकादायक औषधांविषयीच्या कायद्याने मॉर्फिन व तत्सम द्रव्यांवर नियंत्रण आणले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधी कारणाखेरीजचे अफूसेवन दहा वर्षांत संपवण्याचे ठरवून ३१ मार्च १९५९ ही मुदत निश्चित केली. योगायोगाने याच सुमारास, ऑक्टोबर १९५८ पासून, देशात दशमान पद्धतीची वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. अफूचे दुकान आणि तोळा-मासा-गुंज ही कोष्टके साधारण एकाच वेळी सरकारी व्यवहारातून उठली. सोनाराच्या पेढीवर गुंज काही काळ तग धरून राहिली. दवाखान्यात मात्र मिलिग्रॅमचे राज्य सुरू झाले.

या बंदोबस्ताची दुसरी बाजू १९८५ नंतर प्रकर्षाने दिसली. त्या वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू झालेल्या अंमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके गुंतागुंतीचे होते की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. ज्या देशात कायदेशीर अफू पिकते, जेथे माळव्यातील नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी अर्क तयार होतात, त्याच देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. याचा अर्थ कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील माणसे तळमळत गेली, आणि त्यांतील बहुसंख्य शहरापासून दूरची होती. १९८६ मध्ये मुंबईत शांती अवेदना आश्रम हे देशातील पहिले शुश्रूषागृह, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची वेदना हलकी करणारे केंद्र, सुरू झाले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या वैद्यांनी कायदा बदलण्यासाठी दीर्घ प्रयत्न केले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन अशा औषधांना ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ हा वेगळा वर्ग मिळून नियम सुटसुटीत झाले. ट्रॅमाडॉल हे तुलनेने सौम्य अफूवर्गीय औषध या कायद्याच्या कक्षेत आले ते २०१८ मध्ये. तोपर्यंत ते गावोगावच्या दुकानांत इतर गोळ्यांसारखेच मिळत असे, आणि हा तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

कडक कायदा आला त्याच १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉईन, पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले, आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. जगभर या व्यसनावरील उपचारांत जी औषधे आली त्यांपैकी नाल्ट्रेक्झोन हे एक होते. अमेरिकेतील एंडो प्रयोगशाळेत १९६३ मध्ये ते तयार झाले आणि १९८४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने अफूवर्गीय व्यसनासाठी त्याला मान्यता दिली. त्याची क्रिया कळण्यासाठी शरीरातील अंमलाची जागा पाहावी लागते. मज्जापेशींवर काही विशिष्ट ग्राहीस्थाने असतात, म्हणजे जणू ठरावीक किल्लीचीच कुलपे. मॉर्फिन त्यांत बसले की कुलूप उघडते आणि वेदना, श्वास, आतडी सर्व मंदावतात. ही ग्राहीस्थाने १९७३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाली, आणि शरीर स्वतःच बनवत असलेली अफूसदृश द्रव्ये, ज्यांना पुढे एन्डॉर्फिन हे नाव रूढ झाले, १९७५ मध्ये ह्यूज आणि कॉस्टर्लिट्झ यांच्या शोधातून पुढे आली. नाल्ट्रेक्झोन हे त्याच कुलपात घट्ट बसते पण ते उघडत नाही, आणि ते बसलेले असेपर्यंत मॉर्फिनला जागा मिळत नाही. म्हणून ५० मिलिग्रॅमची रोजची गोळी घेणाऱ्या व्यसनमुक्त माणसाला गर्द घेऊनही अंमल चढत नाही.

कमी मात्रेचा विचार याच औषधातून निघाला. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील इयन झॅगन यांनी १९८३ मध्ये दाखवले की प्राण्यांत नाल्ट्रेक्झोनची लहान मात्रा आणि मोठी मात्रा परस्परविरुद्ध परिणाम करू शकतात. न्यूयॉर्कचे डॉ. बर्नार्ड बिहारी यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रुग्णांना अगदी थोडी मात्रा रात्री देण्यास सुरुवात केली. ही मात्रा साधारण १.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. जुन्या मापात सांगायचे तर साडेचार मिलिग्रॅम म्हणजे एका गुंजेचा सत्ताविसावा हिस्सा. काही तासांपुरती ग्राहीस्थाने अडली की शरीर आपली अफूसदृश द्रव्ये वाढवते, आणि त्याचबरोबर मज्जासंस्थेतील दाहही कमी होतो, असा या उपचारामागील तर्क आहे. फायब्रोमायाल्जिया, म्हणजे सर्वांगी स्नायूदुखीच्या जुनाट विकारात, २००९ आणि २०१३ मधील स्टॅनफर्डच्या छोट्या अभ्यासांनी आशा दाखवली, पण डेन्मार्कमध्ये ९९ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत १२ आठवड्यांनी वेदनेत निरौषधी गोळीपेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून या उपचाराकडे अजून सिद्ध न झालेला, पण काही रुग्णांना आधार वाटणारा उपाय म्हणून पाहणे प्रामाणिक ठरते. या मात्रेची गोळी सर्वत्र तयार मिळत नसल्याने ५० मिलिग्रॅमची गोळी ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून एक मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असा हिशेब करण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे. ही कृती डॉक्टर व औषधनिर्मात्याच्या देखरेखीशिवाय करणे म्हणजे पुन्हा अंदाजाच्या गुंजेकडे परतणे होय.

खरा प्रश्न उभा राहतो तो अशा रुग्णाला अचानक किंवा ठरवून अफूवर्गीय वेदनाशामकाची गरज पडते तेव्हा. हाड मोडणे, पोटाची शस्त्रक्रिया, मूतखड्याची कळ असे प्रसंग कोणावरही येतात, आणि भारतीय रुग्णालयांत अशा वेळी ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन, फेंटानिल किंवा मॉर्फिन दिले जाते. रुग्णाच्या शरीरात नाल्ट्रेक्झोन असेल तर ते इंजेक्शन अपेक्षेइतके लागू पडत नाही आणि रुग्ण तळमळत राहतो. नाल्ट्रेक्झोनची रक्तातील पातळी सुमारे चार तासांत निम्मी होते, पण यकृतात त्यापासून बनणारा एक क्रियाशील अंश निम्मा व्हायला सुमारे तेरा तास घेतो. त्यामुळे पूर्ण मात्रा घेणाऱ्याने नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी साधारण तीन दिवस औषध थांबवावे अशी प्रथा आहे. कमी मात्रेत एक ते दोन दिवसांचा खंड बहुधा पुरेसा मानला जातो, पण हा निर्णय भूलतज्ज्ञाने रुग्णाची मात्रा, यकृत-मूत्रपिंडांची स्थिती आणि शस्त्रक्रियेचा प्रकार पाहून घ्यायचा असतो.

अपघातात एवढा अवकाश मिळत नाही. तेव्हा रुग्णाने किंवा नातेवाइकाने पहिल्याच वाक्यात या औषधाचे नाव सांगितले, तर डॉक्टरांपुढे पॅरासिटामॉल, दाहशामक औषधे, केटामाइन आणि विशेषतः नस बधिर करणारी इंजेक्शने असे नाल्ट्रेक्झोनने न अडणारे मार्ग खुले राहतात. गुण येत नाही म्हणून घरी गोळ्यांमागून गोळ्या घेणे हे मात्र प्राणावर बेतू शकते, कारण नाल्ट्रेक्झोनचा अडसर ओसरताच साठलेले अफूवर्गीय औषध एकदम अंमल गाजवते आणि श्वास मंदावतो. अडसर काही काळ असलेली ग्राहीस्थाने अधिक संवेदनशील झालेली असू शकतात, म्हणून जुन्या अनुभवाने सोसणारी मात्राही तेव्हा भारी पडू शकते.

परतीची वाटही तितकीच जपून चालावी लागते. काही दिवस मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल घेतलेल्या शरीरात ते औषध असतानाच नाल्ट्रेक्झोन पुन्हा सुरू केले, तर ते मॉर्फिनला ग्राहीस्थानावरून उठवून लावते आणि जांभया, नाक-डोळे गळणे, पोटात मुरडा, उलट्या, अंगाला काटा अशी लक्षणे अचानक उभी राहतात, ज्यांना औषध तुटण्याचा त्रास असे म्हणतात. पूर्ण मात्रेच्या बाबतीत शेवटच्या अफूवर्गीय मात्रेनंतर सात ते दहा दिवस, आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांनंतर त्याहूनही अधिक, थांबण्याचा दंडक आहे. कमी मात्रेत आणि एक-दोन दिवसांच्या वापरानंतर हा काळ कमी ठरू शकतो, पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. अफूचा वेष पुष्कळदा साधा असतो हेही येथे लक्षात ठेवावे लागते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि जुलाब थांबवणारी डायफेनॉक्सिलेटची गोळी ही दोन्ही अफूच्या कुळातील आहेत. ज्या खोकल्यावर आणि अतिसारावर पणजोबा गुंजभर अफू घेत, त्याच खोकल्यावर आणि अतिसारावर पणतू आज तिचे वंशज घेतो. फक्त बाटलीवरचे नाव बदलले आहे.

गेल्या दीडशे वर्षांत सरकारने, वैद्याने आणि व्यापाऱ्याने अफूचे वजन मोजण्याची अपार काळजी घेतली. गुंजेपासून ग्रेनपर्यंत आणि ग्रेनपासून मिलिग्रॅमपर्यंत प्रत्येक पिढीने ‘किती’ या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर शोधले, आणि परवान्यावर, मक्त्यावर, औषधाच्या चिठ्ठीवर तेच लिहिले. कमी मात्रेतील नाल्ट्रेक्झोनने ‘किती’ इतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न पुढे आणला आहे. शेवटची मात्रा केव्हा घेतली, भूल केव्हा दिली, मॉर्फिन केव्हा थांबले, यांवर येथे आराम आणि धोका दोन्ही अवलंबून असतात. कामरगावसारख्या गावातील रुग्णाची चिठ्ठी बहुधा एका गावी लिहिली जाते, औषध दुसरीकडे मिळते, आणि शस्त्रक्रिया अमरावतीला, अकोल्याला किंवा नागपूरला होते, जेथे त्याला ओळखणारे कोणी नसते. या तीन ठिकाणांना जोडणारा दुवा रुग्ण स्वतः आणि त्याच्या खिशातील कागद हाच असतो. अफू मक्तेदाराच्या गल्ल्याजवळ गेली तेव्हा औषध आणि जाणता हात यांची जी फारकत झाली, ती भरून काढण्याचे काम आता या कागदावरच्या दोन ओळींनी करायचे आहे : नाल्ट्रेक्झोनची मात्रा आणि शेवटच्या गोळीची वेळ ही एक ओळ, अफूवर्गीय औषधाचे नाव आणि त्याच्या शेवटच्या मात्रेची वेळ ही दुसरी. वैद्याने त्या मागाव्यात, औषधविक्रेत्याने त्या विचाराव्यात आणि घरच्यांनी त्या जपून ठेवाव्यात, कारण या दोन ओळी असल्या तर शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र रुग्णाला झोपून काढता येते, आणि नसल्या तर तळमळत.